मागांवरच्या खोलीतली विमानं

आमच्या खोलीत दोन गोष्टी सारख्या साचत असतात. एक प्लास्टिकचा चुरा आणि दुसरे किस्से. चुरा आठवड्याला झाडून निघतो, किस्से काही निघत नाहीत. नवीन कुणी आला, कपाटातल्या एखाद्या विमानाकडं बोट दाखवून "हे कसं केलं हो?" म्हणाला, की झालं. ते कसं केलं हे राहतं बाजूला, आणि ते करताना काय काय घडलं हेच सुरू होतं. चहा दोनदा होतो. आलेला माणूस विमान जोडायला शिकत नाही, पण जाताना विचारतो, पुढच्या रविवारी पण असता का?

आधी माणसं सांगून टाकतो, चारच आहेत. श्रीनिवास, म्हणजे आमचा शीनू. पूर्व भागात त्याचा टॉवेलचा कारखाना आहे आणि मागांच्या वरची खोली आम्हाला त्यानंच दिलीय. दुसऱ्या सुरेखा मॅडम, दाताच्या डॉक्टर. तिसरे बिराजदार अण्णा, मूळचे वळसंगचे. सगळी नोकरी एअरफोर्समध्ये, विमानं दुरुस्त करण्यात गेली. आणि चौथा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे.

आम्ही विमानांची किट जोडतो. डब्यात शेकडो तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यातही आम्हाला नाद मोठ्या विमानांचा. अण्णांचं हंटर, म्हणजे एअरफोर्समधलं जुनं लढाऊ विमान, खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्शाचं आहे, चांगलं हातभर लांब. एवढं मोठं म्हटल्यावर आतल्या वायरी, सीटचे पट्टे, घड्याळांचे काटे सगळं करावं लागतं. नाही केलं तरी चालतं म्हणा, पण आमच्यात चालत नाही.

* * *

शीनू लहानाचा मोठा झाला तो मागांच्या खडखडाटात. घराला लागूनच कारखाना, पाळणासुद्धा तिथंच टांगलेला.

आम्ही रविवारी जमतो कारण रविवारी खाली सगळं बंद असतं. माग चालू असले की वरची फरशी थरथरते, रंगाची बाटली आपली आपण चालत टेबलाच्या कडेला येते. त्यामुळं रविवार आम्हाला सोयीचा. आमची तिघांची कामं सुरळीत व्हायची आणि शीनूचं मात्र बिघडायचं. पंखावर साधा पट्टा ओढायचा तर हात हलायचा. पुसायचा, परत ओढायचा, परत वाकडा.

मॅडम म्हणाल्या, "बीपी बघून घ्या एकदा." बघितलं, चांगलं होतं. मी त्याला दुकानात नेऊन डोळे तपासले. नजर माझ्यापेक्षा बरी निघाली. कुणाला काही कळेना.

एका रविवारी शीनू आला तो गंभीर चेहऱ्यानं. मोबाइल टेबलावर उभा केला आणि काहीतरी लावलं. खाडखाड, खाडखाड. खालच्या मागांचाच आवाज, शनिवारी रेकॉर्ड करून आणलेला! आम्ही कानावर हात ठेवले. शीनूनं ब्रश उचलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा एका दमात ओढला. दोरी लावल्यागत सरळ.

ब्रश खाली ठेवला, खुर्चीत मागं टेकला आणि म्हणाला, "हां. आता कसं शांत वाटतंय."

* * *

आमच्या नादाला सोलापूरचा उन्हाळा मानवत नाही. मॅडमनी एकदा एक पंख धुऊन वाळायला म्हणून गच्चीच्या कठड्यावर ठेवला, आणि पेशंटचा फोन आला म्हणून खाली गेल्या. वर आल्या तेव्हा पंखाची विळी झाली होती.

मॅडम रडणाऱ्यातल्या नाहीत. दाताच्या कामात असल्या गोष्टी गरम पाण्यात मऊ करून आकाराला आणायची त्यांना सवय. दुसऱ्या दिवशी पंख पर्समध्ये घालून दवाखान्यात गेल्या. मंद्रूपचे एक आजोबा दाढ काढायला खुर्चीत बसलेले. मॅडमनी सुई दिली. जबडा बधिर व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात आपलं काम करून घ्यावं म्हणून त्यांनी भांड्यात गरम पाणी घेतलं, पंख बुडवला, बाहेर काढला, दोन्ही हातांनी हळूहळू सरळ करायला लागल्या.

आजोबा बघत होते. एकदा पंखाकडं बघायचे, एकदा मॅडमच्या हाताकडं. शेवटी त्यांनी त्या बधिर तोंडानं विचारलं, "मॅडम, ह्ये समदं माज्या तोंडात बसवणार व्हय?"

"नाही हो आजोबा. हे विमानाचं आहे."

आजोबांनी थोडा विचार केला. "मग माजं आदी बगा की," म्हणाले, "मला यष्टी गाठायचीय."

* * *

शीनूच्या बायकोचं नाव लक्ष्मी. बाई मनानं चांगली, पण कपाटात जोडायची राहिलेली किटं दिसली की तिचं डोकं फिरतं. "आधी घरातली संपवा, मग नवीन आणा," एवढंच तिचं म्हणणं. ते चूक आहे असं आमच्यापैकी कुणीही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

म्हणून शीनू नवीन किट आलं की कारखान्यात लपवायचा. कुठं? टॉवेलच्या गठ्ठ्यात. मधे किट, भोवती टॉवेल, वरनं गोणपाट. लक्ष्मी कारखान्यात आली तरी गठ्ठे काही उसवत बसणार नाही, हा त्याचा हिशोब.

एक दिवस शीनू लग्नाला अकलूजला गेलेला. मागं मुकादमानं माल भरला आणि तो गठ्ठा गेला कलबुर्गीच्या एका शेठकडं. दोन दिवसांनी शेठचा फोन. "श्रीनिवास, टॉवेल बरोबर आले. विमानाचं काय करायचं?"

शीनूची पाचावर धारण बसली. घरी कुणाला बोलू नका, असू द्या तुमच्याकडंच, मी येऊन घेऊन जातो, असं काहीबाही बोलून त्यानं फोन ठेवला. मग त्याचं जाणं लांबत गेलं. सीझन होता, लग्नसराई होती. शेठनंही परत विषय काढला नाही.

दिवाळीच्या सुमारास लक्ष्मी जेवायला वाढत असताना शीनूच्या मोबाइलवर फोटो आला. शेठच्या दुकानाचं काउंटर, गादी, मागं टॉवेलची चळत आणि पुढं ते विमान, पूर्ण जोडलेलं, रंगवलेलं. खाली लिहिलेलं, "झालं बघा. दोन तुकडे उरलेत, पाठवू का?"

लक्ष्मीनं फोटो बराच वेळ बघितला. मग शीनूच्या ताटात आमटी वाढत म्हणाली, "शेठनी आलेलं संपवलं की. शिका काहीतरी."

* * *

विमान जोडणाऱ्यांच्यात एक पद्धत आहे. विमान नवं कोरं ठेवत नाहीत. त्याला वापरलेलं दाखवतात. तेलाचे ओघळ, धुराचा काळा पट्टा, चढताना रंग उडालेली जागा. हे जमणं म्हणजे कसब, आणि मॅडमचा त्यात हात धरणारा कुणी नाही. एका विमानाच्या पोटावर तेलाचे ओघळ काढायला त्यांनी कितीतरी रविवार घातले होते. एकावर एक पातळ थर, प्रत्येक वाळू द्यायचा.

एका रविवारी आम्ही खाली भजी आणायला गेलो. खोलीत अण्णा एकटेच. परत आलो तर अण्णा मॅडमचं विमान मांडीवर उलटं घेऊन बसलेले. हातात कापूस, शेजारी स्पिरिटची बाटली. आणि विमानाचं पोट लख्ख!

मॅडमच्या हातातली भजीची पुडी तशीच राहिली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, ते लावलेलं होतं."

"काय?"

"तेल."

"लावलेलं? कशाला?"

"खरं वाटावं म्हणून."

अण्णांनी विमानाकडं बघितलं, कापसाकडं बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, कान लाल झाले त्यांचे. पण माणूस हटेना. "मॅडम, चुकलं माजं," म्हणाले, "पण आमच्या हातनं असलं विमान कदी भायेर गेलं न्हाय. दिसलं आन् ऱ्हावलं न्हाय."

मॅडमनी पुडी सोडली आणि पहिलं भजं अण्णांनाच दिलं. त्यानंतर अण्णा खोलीत एकटे राहणार असले की त्या स्पिरिटची बाटली पर्समध्ये घालून नेतात.

* * *

आम्हाला सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो. उडतं का? नाही म्हटलं की पुढच्याचा चेहरा पडतो. मी तर आता दुकानात विमान ठेवायचंच सोडलंय.

अण्णांचं हंटर मोठं, म्हणून ते त्यांच्या घरीच असायचं, जेवायच्या टेबलावर. एकदा काकूंचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे, भाऊ मंद्रूपहून आलेले. मी पण तिथंच होतो. त्यांनी ते टेबलभर पसरलेलं बघितलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "उडतंय काय ओ दाजी?"

काकू आतनं पोळ्या घेऊन येत होत्या. त्यांनीच उत्तर दिलं, "न्हाय. बसतंय. माज्या टेबलावर."

त्या घरात दोन वर्षं सगळी जमिनीवर बसून जेवत होती, ते या विमानामुळं. काकूंचा अण्णांवर राग नव्हता, पण विमानाकडं त्यांनी कधी मान वळवून बघितलं असेल तर शपथ. अण्णा कौतुकानं काही दाखवायला गेले की, "साकु बिड्री," म्हणायच्या. पुरे करा, असं कन्नडमध्ये. आणि भाजी निवडायला घ्यायच्या.

भावाचं समाधान झालं नव्हतं. "उडत न्हाय, मग एवढं मर मर मरायचं कशाला?"

अण्णा हातातली चिमटी खाली न ठेवता म्हणाले, "उडवायचं काम आमचं कदीच नव्हतं. उडवणारा येगळा. त्यो बसला की त्याला आतलं काय दिसत न्हाय. आमच्यावर इश्वास ठिऊन बसतो त्यो."



* * *

आता हा किस्सा नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

अण्णा एकदा दुकानात आले आणि म्हणाले, भिंगाचा चष्मा आणखी मोठ्या नंबरचा दे. मी बसवून बघितलं. नंबर वाढवून काही उपयोग होत नव्हता. एक डोळा झाकून समोरच्या अक्षरांकडं बघताना ते मान वाकडी करत होते. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर ती मान वाकडी करणं मला कळतं. मी स्वतः त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. नजरेच्या मधला भाग हळूहळू जाणार. चालणं-फिरणं होईल, कडेकडेचं दिसत राहील, पण समोर धरलेली बारीक वस्तू दिसणार नाही. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही.

बाहेर रिक्षात बसल्यावर अण्णांनी एकच विचारलं. "हंटर हुईल का रे त्याच्या आदी?"

मी म्हणालो, "होईल की अण्णा. राहिलंय काय त्यात?" आणि खरंच फार राहिलं नव्हतं. धडाचे दोन अर्धे, डावा-उजवा, आतनं पूर्ण तयार होते. तांब्याच्या तारेचे पाइप, केबली, सीट, सगळं. ते दोन अर्धे जोडायचे, पंख लावायचे, रंग मारायचा. रंगाला शीनू होता, मॅडम होत्या. पण अण्णांना ते पुरं झालेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. आम्हाला तिघांनाही तेच हवं होतं. मला तर दुसरं काही सुचत नव्हतं त्या दिवसांत.

* * *

आणि अण्णा धडाचे अर्धे जोडेनात.

दर रविवारी दोन्ही अर्धे कापडात गुंडाळून खोलीवर आणायचे, आणि आमच्यातल्या एकाच्या पुढं ठेवून म्हणायचे, "बग जरा आत." पहिल्यांदा शीनूनं बघितलं. "लई भारी, अण्णा," म्हणाला. अण्णांनी मान डोलावली आणि कापड परत गुंडाळलं. मग मॅडमनी बघितलं. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, असं काम मी आजवर बघितलं नाही." मान डोलावली, गुंडाळलं. मग मी. मी भिंग लावून बघितलं आणि म्हणालो, "अण्णा, चिकटवा आता. चिकटवा." गुंडाळलं.

आम्हाला वाटायला लागलं, माणूस घाबरलाय. विमान संपलं की आपलं काम संपलं असं त्यांच्या मनात बसलंय. शीनू म्हणाला, आपण घरी जाऊ आणि समोर बसून चिकटवून घेऊ. गेलो तिघंही. चिकटवायच्या सोल्यूशनची बाटली मॅडमच्या पर्समध्ये.

शीनूनं सरळच विषय काढला. "अण्णा, आज बंद करायचंय बघा."

"दुसऱ्या माणसानं बगितल्याबिगर बंद करायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "आमच्यात तसंच हुतं. म्या काम केलं की म्याच झाकण लावायचं न्हाय. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत न्हाय. दुसऱ्यानं आत बगायचं, सही करायची, मग झाकण."

"आम्ही तिघांनी बघितलं की."

"न्हाय बगितलं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी शीनूकडं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवायला टेबलावर जागा नव्हती. तशाच उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "आणा हिकडं. मी बगते. एवढं काय हाय त्यात."

अण्णांनी मान वर केली. मी ट्रे हातात घेतला. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा घातला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि डावा अर्धा पुढ्यात ओढला.

तांदूळ निवडतात तशा त्या बघत होत्या. शेपटीकडनं सुरुवात केली. बोट लावलं नाही कुठं, फक्त उजेड पुढं पुढं सरकवत गेल्या. भारी म्हणाल्या नाहीत की छान म्हणाल्या नाहीत. तो अर्धा झाला, बाजूला ठेवला. उजवा घेतला. परत शेपटीकडनं. मधे एकदा शीनू काहीतरी बोलायला गेला तर न बघता हात वर केला. चहावर साय धरली.

सीटच्या मागच्या आडभिंतीपाशी येऊन उजेड थांबला. काकू वाकल्या, आणखी वाकल्या.

"हितं पाइपाच्या मागं लाल दोरा ऱ्हायलाय," म्हणाल्या. "बारका. काढू का असू दे?"

मॅडमनी चिमटी दिली. काकूंनी दोरा अलगद ओढून काढला आणि अण्णांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तळहात डोळ्यांपाशी नेला, मान वाकडी केली, आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपत चाचपत तो शोधला.

"म्याच ठिवला हुता," म्हणाले. "पयल्या रैवारी."

आम्हा तिघांना मान वर करायला जागा राहिली नाही. मला तर भिंग लावूनही दिसला नव्हता, कारण मी बघितलंच नव्हतं.

अण्णांनी खिशातनं पेन्सिल काढली, टोक अंगठ्यानं तपासलं आणि काकूंच्या पुढं धरली. "सही कर हितं, आतल्या बाजूला. मग बंद करू."

"मी? आन् ह्यात?" काकूंनी पेन्सिल घेतली. नाव लिहायला वाकल्या, आणि थांबल्या. "सही केली म्हंजे काय हुतं ओ?"

"म्हंजे जिम्मेदारी तुजी," अण्णा म्हणाले. "आत बसणाऱ्याला कायबी झालं तर पयलं तुला इचारणार."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग थांबा जरा," म्हणाल्या. "परत एकदा बगू द्या." आणि टॉर्च लावून पुन्हा शेपटीपासून सुरुवात केली.